लाइट येते पण नेट येत नाही: राउटर बंद-चालू करण्याआधी आयपी बघा

ठाणे-बेलापूर पट्ट्यातली छोटी ऑफिसं, वागळे इस्टेटमधले गाळे, घोडबंदर रोडच्या सोसायट्यांची ऑफिसं, सगळीकडून एकच तक्रार परत परत येते. सकाळी लाइट गेली, थोड्या वेळाने आली, सगळी मशीन चालू झाली, पण अर्ध्यांना नेट आहे आणि अर्ध्यांना नाही, प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय, हजेरीचं बोटाचं मशीन सर्व्हरला सापडत नाही. मग कोणीतरी राउटरची पिन काढतं, दोन मिनिटं थांबून परत लावतं, आणि नेट येतं. सगळे कामाला लागतात, आणि पुढच्या वेळी लाइट गेली की परत तेच.

माझी कळकळीची विनंती आहे की ती पिन काढायच्या आधी एक मिनिट द्या आणि बंद पडलेल्या मशीनला आत्ता कुठला आयपी (नेटवर्कवरचा त्याचा पत्ता) मिळालाय ते बघा. कारण राउटर रीस्टार्ट केला की नेट येतं हे खरं, पण बिघाड कुठे होता हे सांगणारी एकमेव गोष्ट पण त्याच्याबरोबर पुसली जाते. म्हणूनच हा प्रॉब्लेम वर्ष वर्ष चालतो, आणि मग लोक राउटर बदलतात, केबल बदलतात, इंटरनेटवाल्याशी भांडतात, आणि नवीन राउटरवरही तेच होतं.

बघायचं कसं ते आधी सांगतो. विंडोजमध्ये सीएमडी, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, उघडा आणि आयपीकॉन्फिग, मग स्पेस, मग स्लॅश ऑल (ipconfig /all) टाइप करा. भली मोठी यादी येईल, त्यात तुमच्या लॅनच्या किंवा वायफायच्या कार्डाखालच्या फक्त चार ओळी हव्यात: आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस, डीफॉल्ट गेटवे (नेटवर्कबाहेर जायची वाट), डीएचसीपी सर्व्हर (पत्ते वाटणारा), आणि लीज (मुदतीवर दिलेला पत्ता) कधी मिळाली ती वेळ. मोबाइलने फोटो काढून ठेवा. शेजारच्या चालू असलेल्या मशीनचाही काढा, म्हणजे तुलना करता येते. फोनवर वायफायच्या नावाशेजारच्या चाकावर दाबलं की आयपी दिसतो, प्रिंटरमधून नेटवर्कचं पान प्रिंट करता येतं. त्या यादीत एफई८० ने सुरू होणारा एक लांबलचक पत्ता पण दिसेल, तो बघून घाबरू नका, तो आयपीव्ही६, म्हणजे आयपीच्या नव्या पद्धतीचा आहे, चांगल्या मशीनवरही तो असतोच.

आता हा आयपी येतो कुठून, हे थोडं समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. मशीन चालू होतं तेव्हा त्याच्याकडे पत्ता नसतो, आणि पत्ता देणारा कुठे बसलाय हेही त्याला माहीत नसतं. म्हणून ते सगळ्या नेटवर्कला ओरडून विचारतं, स्वतःचा पत्ता ०.०.०.० टाकतं आणि समोरचा २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे जो ऐकेल त्याच्यासाठी. हा डिस्कव्हर. यूडीपी या पाकिटं पाठवायच्या पद्धतीतल्या ६७ नंबरच्या पोर्टवर जो डीएचसीपी सर्व्हर ऐकत असतो, छोट्या ऑफिसात आणि घरात तो राउटरमध्येच असतो, तो एक मोकळा पत्ता पुढे करतो, तो ऑफर. मशीन म्हणतं मला हाच द्या, ही रिक्वेस्ट, आणि सर्व्हर म्हणतो दिला, हा अ‍ॅक. उत्तरं मशीनच्या ६८ नंबरच्या पोर्टवर येतात. पत्त्याबरोबर सबनेट मास्क (आपलं नेटवर्क कुठपर्यंत ते), गेटवे, डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) आणि मुदत एवढं सगळं त्याच पाकिटात येतं, आणि सगळं ठीक असेल तर हे इतक्या पटकन होतं की कोणाला कळतही नाही.

यातली एक बारीक गोष्ट पुढे फार कामाची आहे. तिसरी पायरी, म्हणजे रिक्वेस्ट, ही पण सगळ्यांना ओरडूनच केली जाते आणि तिच्यात कोणत्या सर्व्हरची ऑफर घेतली ते लिहिलेलं असतं. कारण ज्यांनी ही पद्धत बांधली त्यांनी धरलंच होतं की एका नेटवर्कवर दोन-तीन सर्व्हर असू शकतात, आणि ज्यांची ऑफर घेतली नाही त्यांना तो पत्ता परत मोकळा करता यावा. थोडक्यात, कोण खरा मालक आणि कोण घुसखोर हे मशीन तपासत नाही, साधारणपणे ज्याची ऑफर आधी पोचली त्याची घेतं.

ही पद्धत तशी जुनी आहे. १९८५ मध्ये बूटपी नावाचा प्रोटोकॉल आला, त्यात कोणत्या मशीनला कोणता पत्ता द्यायचा याची यादी माणसाने हाताने भरायची. १९९३ मध्ये त्याच्यावरच डीएचसीपी उभं राहिलं, आणि आज आपण वापरतो तो आयपीव्ही४ साठीच्या डीएचसीपीचा मसुदा, आरएफसी २१३१ नावाचं कागदपत्र, मार्च १९९७ चा आहे, राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेला. नवीन काय होतं, तर पत्ता कायमचा न देता मुदतीवर द्यायचा. आपल्याकडे ११ महिन्यांचा भाडेकरार करतात तसंच, फक्त इथे भाडेकरू करार संपायची वाट बघत नाही, निम्मी मुदत झाली की गुपचूप जाऊन वाढवून आणतो. २४ तासांची लीज असेल तर १२ तासांनी मशीन त्याच सर्व्हरला थेट विचारतं, नाही जमलं तर २१ तासांनी सगळ्यांना ओरडून विचारतं, आणि तरी कोणी दिलं नाही तर २४ तासांनी पत्ता सोडून पहिल्यापासून सुरू.

आता मूळ मुद्दा. बंद मशीनवर जो आयपी दिसतोय तो बहुतेक वेळा तीनपैकी एका प्रकारचा असणार.

पहिला प्रकार, १६९.२५४ ने सुरू होणारा. म्हणजे मशीनने ओरडून विचारलं आणि कोणीच उत्तर दिलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता लावून घेतला. विंडोजमध्ये त्या ओळीत ऑटोकॉन्फिगरेशन असं लिहिलेलं येतं आणि डीएचसीपी सर्व्हरची ओळ दिसतच नाही. लाइट आल्यावर हे होण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे क्रम. कॉम्प्युटर एसएसडीवर पटकन उठतो, राउटर किंवा फायरवॉल (ऑफिसात राउटरचं काम करणारा सुरक्षेचा डबा) अजून उठतोय, आणि मशीन विचारतं तेव्हा ऐकायला कोणी जागंच नसतं. मशीन तसं परत परत विचारतं, मसुद्यात सांगितलेलं अंतर साधारण ४ सेकंद, मग ८, मग १६ असं वाढत ६४ पर्यंत जातं, आणि विंडोज १६९ वाला पत्ता लावल्यावरही दर ५ मिनिटांनी विचारत राहतं. म्हणून बरेच कॉम्प्युटर चहा होईपर्यंत आपोआप येतात. पण काही जुने प्रिंटर आणि हजेरीची मशीन दोन-चारदा विचारून गप्प बसतात, ती आपली रीस्टार्ट करेपर्यंत तशीच.

यावर उपाय म्हणजे राउटर आणि स्विच (सगळ्या मशीनच्या वायरी जिथे येतात तो डबा) दोन्ही यूपीएसवर घ्या. दोन्ही. राउटरला यूपीएस आणि स्विच थेट भिंतीवर असं मी इतक्या ठिकाणी बघतो की परत सांगतोय, दोन्ही. छोटा यूपीएस पुरतो, ही उपकरणं फार वीज खात नाहीत. आणि मॅनेज्ड स्विच (ज्याच्या सेटिंग बदलता येतात तो) असेल तर आणखी एक गोष्ट तपासा: जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री (वायरींची गोल साखळी होऊ न देणारी सोय) चालू असेल तर पोर्टवर काही जोडलं की तो पोर्ट १५ आणि १५ असे ३० सेकंद काहीच पुढे जाऊ देत नाही, तेवढ्यात प्रिंटरने विचारून हात टेकलेले असतात. ज्या पोर्टला फक्त कॉम्प्युटर किंवा प्रिंटर आहे तिथे पोर्टफास्ट, काही कंपन्या त्याला एज पोर्ट म्हणतात, तो चालू करा. दोन स्विच एकमेकांना जोडलेत त्या पोर्टवर मात्र करू नका.

पण लाइट न जाताही १६९ येत असेल, आणि तेही दुपारी गर्दीच्या वेळी, तर पूल (वाटायच्या पत्त्यांचा साठा) संपलाय का बघा. क्लासेस, दवाखाने, सोसायटीचं क्लब हाउस, जिथे येणारी-जाणारी माणसं वायफाय घेतात तिथे हे फार होतं. राउटरने १०० पत्ते वाटायला ठेवलेत, लीज २४ तासांची, सकाळच्या बॅचची मुलं घरी गेली तरी त्यांचे पत्ते उद्यापर्यंत अडकलेले. त्यात आता फोन आपला खरा, कारखान्यात मिळालेला मॅक अ‍ॅड्रेस दाखवत नाहीत, अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून प्रत्येक वायफायच्या नावासाठी वेगळा बनवलेला मॅक वापरतात, म्हणजे एकच फोन तुमच्या दोन वायफायवर गेला तर राउटरला तो दोन वेगळी माणसं वाटतो आणि दोन पत्ते देतो. अशा ठिकाणी लीज एक-दोन तासांवर आणा, पूल वाढवा, आणि पाहुण्यांचं वायफाय ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं करा. लीज अगदी ५ मिनिटांची पण करू नका, मग राउटर जरा वेळ बंद पडला तरी सगळ्यांचे पत्ते एकदम जातात.

दुसरा प्रकार, आयपी आलाय पण आपल्या नेटवर्कचा नाही. आणि माझ्या मते वर्ष वर्ष चालणाऱ्या तक्रारींमध्ये हाच खरा चोर असतो, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

तुर्भ्याला मार्केटच्या बाजूला एक ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे, मी त्यांचं नेटवर्क बघतो. अकाउंट्सच्या ताईंचा फोन आला, दादा परत गेलं, राउटर बंद करू का. म्हटलं ताई अजिबात हात लावू नका, आधी काळी खिडकी उघडून नंबर वाचा. त्यांनी वाचलं, एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, शून्य, आणि पुढे काहीतरी. त्या ऑफिसचे सगळे पत्ते १९२.१६८.१० चे आहेत. डीएचसीपी सर्व्हरच्या ओळीत काय आहे विचारलं तर १९२.१६८.०.१. म्हणजे पत्ता देणारा वेगळाच कोणीतरी होता, आणि तो आमच्याच वायरवर बसलेला होता.

शोधल्यावर माळ्यावरच्या फायलींच्या मागे एक छोटा वायफाय राउटर निघाला. गोडाऊनमध्ये मोबाइलला रेंज मिळत नाही म्हणून कोणीतरी घरचा जुना राउटर आणून, भिंतीतून आलेली वायर त्याच्या पिवळ्या लॅन पोर्टात घातली होती. त्या माणसाच्या बाजूने सगळं बरोबर चाललं होतं, वायफाय आलं होतं. पण राउटरचा स्वतःचा डीएचसीपी चालू होता, आणि लॅन पोर्टातून तो सगळ्या ऑफिसला पत्ते वाटायला मोकळा होता.

मग रोज का नाही गोंधळ होत, फक्त लाइट गेल्यावरच का? तर रोजच्या दिवशी ज्या मशीनकडे पत्ता आहे ती निम्मी मुदत झाल्यावर आपल्या ओळखीच्या सर्व्हरलाच थेट विचारतात, सगळ्यांना ओरडत नाहीत, त्यामुळे माळ्यावरच्या राउटरला कोणी विचारतच नाही. एखादा नवीन फोन किंवा पाहुण्याचा लॅपटॉप कधीतरी त्याच्या तावडीत सापडतो, त्याचं नेट चालत नाही, आणि त्यालाच दोष दिला जातो. लाइट आली की मात्र सगळी मशीन एकदम पहिल्यापासून विचारतात. फायरवॉलला उठायला काही मिनिटं लागतात, छोटा राउटर त्याच्या खूप आधी तयार असतो, आणि तेवढ्या वेळात तोच सगळ्यांना पत्ते वाटून मोकळा.

अर्धीच मशीन का जातात याचंही उत्तर इथेच आहे. आधी पत्ता मिळालेलं मशीन चालू होताना पहिल्यांदा जुनाच पत्ता मागतं. मसुद्यानुसार कोणीच उत्तर दिलं नाही तर मुदत बाकी असेपर्यंत ते जुना पत्ता वापरू शकतं, त्यामुळे अशी मशीन वाचतात. पण परक्या सर्व्हरने हा पत्ता इथला नाही म्हणून एनएके (NAK) पाठवलं, म्हणजे सरळ नकार दिला, तर मशीन मुकाट्याने पत्ता सोडतं आणि नवीन मागतं, आणि नवीन देणारा तोच असतो. कोणाला नकार आधी पोचला, कोणाला फायरवॉलचा अ‍ॅक, कोणाची मुदतच संपलेली होती, यावर कोण चालू आणि कोण बंद हे ठरतं, म्हणून दरवेळी वेगळी मशीन जातात आणि कोणाला काही पॅटर्न सापडत नाही.

शोधायचं कसं? ज्या मशीनला परका पत्ता मिळालाय त्याच मशीनवर, ते तसंच असताना, सीएमडीमध्ये एआरपी स्पेस डॅश ए (arp -a) टाइप करा. डीएचसीपी सर्व्हरच्या पत्त्यासमोर त्याचा मॅक अ‍ॅड्रेस दिसेल, पहिल्या तीन जोड्यांवरून तो कोणत्या कंपनीचा डबा आहे ते बहुतेक वेळा कळतं. मॅनेज्ड स्विच असेल तर त्याच्या मॅक टेबलमध्ये तो मॅक कोणत्या पोर्टवर आहे ते बघा, दोन मिनिटांत काम होतं. साधा स्विच असेल तर त्या परक्या पत्त्याला पिंग (तिथे कोणी आहे का विचारणारी कमांड) चालू ठेवा, मागे डॅश टी लावून म्हणजे थांबत नाही, आणि स्विचच्या वायरी एक एक करून काढा, तुमच्या स्वतःच्या मशीनची वायर सोडून. ज्या वायरीला पिंग थांबला तिच्या दुसऱ्या टोकाला जा.

आणखी खात्री हवी असेल तर वायरशार्क (नेटवर्कवरची पाकिटं दाखवणारं सॉफ्टवेअर) लावा, फिल्टरमध्ये डीएचसीपी टाका, जुन्या आवृत्तीत तिथे बूटपी लिहावं लागायचं, आणि मग सीएमडीमध्ये आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज, त्यानंतर स्लॅश रिन्यू करा. एका डिस्कव्हरला दोन वेगळ्या सर्व्हरकडून ऑफर आल्या की वाद संपला. पाकिटातला ५४ नंबरचा ऑप्शन बघा, त्यात देणाऱ्याचा पत्ता असतो.

सापडल्यावर तो डबा फेकायची गरज नाही. त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याला स्वतःला आपल्या नेटवर्कमधला पूलच्या बाहेरचा एक पत्ता द्या, आणि वायर लॅन पोर्टातच राहू द्या, आता तो नुसता वायफायचा डबा म्हणून छान चालेल. घरीसुद्धा हेच लक्षात ठेवा, फायबरवाल्याचा डबा आणि आपला राउटर असे दोन असतील तर आपल्या राउटरच्या वॅन पोर्टात (बाहेरची लाइन घालायच्या) वायर घातली तर दोघांची नेटवर्कं वेगळी राहतात, लॅनमध्ये घातली तर एकाचा डीएचसीपी बंद करावाच लागतो. ऑफिसात मॅनेज्ड स्विच असेल तर डीएचसीपी स्नूपिंग चालू करा, फायरवॉलचा पोर्ट आणि स्विच जोडणारे पोर्ट ट्रस्टेड ठेवा, मग बाकी कुठल्याही पोर्टवरून कोणी पत्ते वाटायला लागलं तर स्विचच ते अडवतो.

तिसरा प्रकार, पत्ता आपल्याच नेटवर्कचा आहे पण तोच दुसऱ्याकडे पण आहे. विंडोज आयपी कॉन्फ्लिक्टचा मेसेज देतं किंवा नेट येतं-जातं. हे बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या डीव्हीआरमुळे होतं. कॅमेरेवाल्याने डीव्हीआरला हाताने पत्ता टाकलेला असतो, समजा शेवटचा आकडा १२०, आणि राउटर १०० ते २०० वाटतोय. बऱ्याच घरगुती राउटरमध्ये कोणाला काय दिलं याची यादी रॅममध्ये असते, लाइट गेली की यादी गेली. चांगला सर्व्हर पत्ता देण्याआधी पिंग करून बघतो की कोणी वापरतंय का, पण डीव्हीआर उठायला वेळ घेतो, तेवढ्यात पिंगला उत्तर नाही म्हणून १२० एखाद्या लॅपटॉपला दिला जातो, आणि नंतर डीव्हीआर जागा होऊन त्याच पत्त्यावर बसतो. पूल १०० ते २०० ठेवा, हाताने टाकलेले सगळे पत्ते २ ते ५० मध्ये न्या, आणि कॅमेरेवाल्याला हे लिहून द्या. प्रिंटरला मी राउटरमध्ये मॅकवर रिझर्व्हेशन (त्या मॅकला कायम तोच पत्ता) करून देतो, म्हणजे सगळे पत्ते एका जागी दिसतात. पण जे मशीन पुन्हा नीट विचारत नाही, त्याला पूलबाहेरचा स्थिर पत्ताच बरा.

पत्ता, गेटवे, सर्व्हर सगळं चालू मशीनसारखंच आहे आणि तरी नेट नाही, तर पत्ता मिळण्यात काही अडचण नाही, डीएनएस किंवा बाहेरची लाइन बघा. आणि महापे-ऐरोलीसारख्या ठिकाणी मोठ्या ऑफिसात नवीन व्हीलॅन (त्याच स्विचवर केलेलं वेगळं नेटवर्क) केल्यावर त्यातल्या सगळ्याच मशीनना १६९ येत असेल तर रिले (विचारलेलं सर्व्हरपर्यंत पोचवणारी सोय) राहिलाय, ओरडून विचारलेलं व्हीलॅनच्या बाहेर जात नाही, त्या व्हीलॅनच्या गेटवेवर हेल्पर अ‍ॅड्रेस टाका.

दुरुस्ती झाली की पुढच्या लाइट जाण्याची वाट बघू नका. शनिवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर मेन स्विच पाडा आणि मुद्दाम उलट्या क्रमाने चालू करा, म्हणजे आधी कॉम्प्युटर आणि प्रिंटर, मग स्विच, आणि फायरवॉल सगळ्यात शेवटी. यूपीएस लावला असेल तर या वेळेपुरता तोही बंद ठेवा. फायरवॉल उठल्यावर दहा मिनिटं थांबा आणि प्रत्येक मशीनवर डीएचसीपी सर्व्हरची ओळ बघा. हाताने पत्ता टाकलेली सोडून बाकी सगळीकडे तुमच्या फायरवॉलचाच पत्ता दिसला पाहिजे. एकाही ठिकाणी दुसरा दिसला तर वायर काढायला लागा, आणि माळे, फॉल्स सीलिंग, कपाटांच्या मागे, सगळीकडे बघा.